बाहुलीला फार हलवू नका

खुनी बाहुलीच्या सिनेमात अंगावर काटा येतो तो सुरी उचलली जाते तेव्हा नाही, त्याच्या बराच आधी. १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये आई बाहुलीचं खोकं हातात घेते आणि त्यातून न वापरलेले सेल खाली पडतात. म्हणजे इतका वेळ बोलणारी, मान वळवणारी चकी सेलशिवायच चालत होती! आई तिला उलटी करते, पाठीवरचं झाकण उघडते, आत काहीच नाही. तेवढ्यात मान गर्रकन फिरते. पुढे चकी धावते, शिव्या देते, वार करते. त्यासाठी केव्हिन यागरने रिमोटवर चालणारे चेहरे केले, काही शॉटला बुटका नट बाहुलीच्या कपड्यांत मोठ्या मापाच्या सेटवर चालवला गेला. पण सिनेमा जिंकला तो त्या रिकाम्या झाकणापाशी.

आपला तात्या विंचूही तसाच. १९९३ च्या 'झपाटलेला'साठी तो रामदास पाध्यांनी घडवला. तो शब्दभ्रमकाराचा बाहुला, जबडा वेगळा, ओठांच्या कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन फटी. त्या फटींमुळे तो गप्प बसलेला असला तरी आत्ता बोलेल असं वाटत राहतं. हसता हसता मुलं आईच्या पदराआड का जात होती, त्याचं अर्धं उत्तर त्या दोन फटींत आहे.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत घरच्या घरी अशी शॉर्टफिल्म करायची असेल तर बाहुली साधी घ्या. जांभळी नाक्याच्या बाजारात फिरताना १८ ते २२ इंची, रबरी डोक्याची आणि कापडी अंगाची, आडवी केली की डोळे मिटणारी बाहुली शोधा. टाके, रक्त, फुटलेला डोळा यातलं काहीही नको. ते दिसलं की पहिल्याच फ्रेमला सगळं कळतं. एखादी आई हौसेने विकत घेईल अशीच ती दिसली पाहिजे.

खरं काम डोळ्यांत आहे. मानेला हेअर ड्रायरने दोनेक मिनिटं ऊब द्या, रबर मऊ पडलं की आतला केबल टाय (आवळून बांधायची प्लास्टिकची पट्टी) कापून डोकं काढा. डोळ्यामागे छोटं वजन असतं, त्यामुळे पापणी मिटते. एका डोळ्याची पापणी जेमतेम २ मिलिमीटर खाली ओढा आणि मागून ग्लूचा ठिपका देऊन पक्की करा. पाहणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण नजर हटत नाही. ५ मिलिमीटर केलंत तर बाहुली मोडकी दिसते आणि तिची कीव येते.

रंगाआधी चेहरा भांड्यांच्या साबणाने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर लावू नका, रबर विरघळून चिकट होतं. ऑइल पेंटही नको. मऊ रबरातला तेलकट अंश वर येत राहतो आणि रंग महिनोन् महिने वाळत नाही. ॲक्रिलिकचे तीन-चार पातळ हात द्या, वरून मॅट वार्निश ब्रशने. पावसाळ्यात स्प्रे वार्निश मारलंत तर इथल्या दमट हवेत चेहऱ्यावर पांढरी झाक येते. चकाकी फक्त बुबुळांवर ठेवा.

मान वळवायला सायकलची तार वापरली तर ती वाकते. ६ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सळी घ्या, मानेत लाकडी चकती एमसीलने बसवून त्यात रोवा आणि बाहुलीच्या पाठीतून मागे काढा. रबर घासून मान झटके खात असेल तर टाल्कम पावडर लावा. तरीही माझं ठाम मत असं की शॉट चालू असताना मान वळवूच नये. दाराकडे तोंड केलेली बाहुली, मग माणसाचा शॉट, परत बाहुली, आता मान १० ते १५ अंश इकडे. बास. इथे हमखास चूक होते ती फ्रॉकची. मान वळवताना फ्रॉकची चुणी बदलली की प्रेक्षकाला वाटतं, कुणीतरी हात लावला. त्यामुळे दर बदलाआधी मोबाइलवर फोटो काढा, हात आणि फ्रॉकची कड टाचणीने पक्की करा. फक्त मानच बदलायला हवी.

मोबाइल बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. वाइड लेन्स जवळून लावली की नाक फुगतं आणि चेहरा विनोदी होतो, तेव्हा नेहमीचीच लेन्स वापरा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा. नाहीतर दिवे लुकलुकताना दिसतात. छताचे दिवे बंद, बाजूने एकच दिवा, आणि लेन्सशेजारी बारीक एलईडी. तिचा ठिपका बुबुळात चमकतो. योग्य क्षणी ती विझवली की काहीही न हलता डोळे मेल्यासारखे होतात. ही युक्ती मला मान वळवण्यापेक्षाही आवडते. घोडबंदर रोडच्या फ्लॅटमधल्या चकचकीत टाइल्समध्ये सगळं युनिट दिसतं, सतरंजी अंथरा.

तिथे रात्री अवजड गाड्यांचा आवाजही थांबत नाही, त्यामुळे पावलांचा आवाज नंतर वेगळा घ्या, लाकडाचे दोन छोटे ठोकळे पुरतात. आवाज हलका आणि भरभर हवा. धप्प आवाज आला की बाहुलीचं वजन खोटं पडतं.

एकांकिका असेल तर हे डोळ्यांचं काम वाया जातं. गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेतून पापणी कुठली दिसायला! तिथे तीन फुटी बाहुली घ्या आणि मानेऐवजी अख्खं धड वळवा, तेही अंधार करून.