तेव्हाच का नाही सोडलं?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगते. लग्नात, बाजारात, मोहाडीच्या बसमध्येसुद्धा हेच: "एवढं पटत नव्हतं, तर मुंबईच्या कपड्यांच्या कंपनीतली नोकरी तेव्हाच का नाही सोडली?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयारच असतं, पैसा. हो, पैसा होताच. पण मला तिथं मोठंही व्हायचं होतं. आंधळगावच्या कोष्ट्याची पोर श्रीमंतांच्या कपड्यांत कोसा, म्हणजे आमच्याकडचं रानरेशीम, नेते, याचा मला फार अभिमान होता.

परदेशातल्या दुकानांसाठी तीन महिन्यांत 400 मीटर कोसा हवा होता. कोश उकळून बायका मांडीवर सूत काढतात, मग ते मागावर चढतं. इतक्या दिवसांत ते होणारं नव्हतं. बैठकीत सगळे गप्प. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, व्हिस्कोसचं कृत्रिम सूत घालून पॉवरलूमवर विणून घेऊ, हे मी सुचवलं. इतकी वर्षं "करावं लागलं" म्हणत आले, ते खोटं आहे. टॅगवरचा मजकूरही माझाच: हाताने काढलेलं सूत, हातमागावर विणलेलं. शेजारी मागावर बसलेल्या बाबांचा फोटो.

दिवाळीला त्यातला एक दुपट्टा घरी आणला. शाबासकी हवी होती, दुसरं काय. बाबांनी तो दारातल्या उजेडात धरला, बोटांत चुरगळून पाहिला. मग बाण्याचा एक धागा ओढून काढला आणि आगकाडी लावली.

"कोसा जळला का केसावानी वास येते, पोरी. हे कागदावानी जळून राह्यलं. कोणं विणलं?"

"मशीनवर."

मग त्यांना टॅग दिसला. चष्मा लावून त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. "हा मीच होय का?" एवढंच बोलले. दुपट्ट्याची काठावर काठ आणून घडी घातली, माझ्या हातात दिली आणि मागावर जाऊन बसले. आईने दोनदा हाक मारली, जेवायला उठले नाहीत.

त्यानंतरही मी अकरा महिने राहिले. बढती घेतली. भावाचं कर्ज त्याच पगारातून फिटलं.

2024 मध्ये मिलानच्या न्यायालयाने दिओर या महागड्या फॅशन ब्रँडच्या उत्पादन कंपनीवर देखरेख नेमली. दुकानात 2,600 युरोला विकल्या जाणाऱ्या बॅगेच्या जुळणीचे, कातडं वगळून, ठेकेदाराला 53 युरो मिळत होते. ती बातमी वाचून आधी मला हायसं वाटलं, एवढे मोठेही असंच करतात म्हणून. नंतर त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

पण तुम्हाला हेही ऐकावं लागेल. त्याच मालामुळे पुढे खऱ्या कोसा कापडाची 60 मीटरची ऑर्डर आली आणि गावातल्या तीन घरांचे माग त्यावर चालले. मी नाही म्हटलं असतं तर ते चालले असते का? तेव्हाची मी म्हणते, नसते. आजच्या मला तिचं म्हणणं खोडता येत नाही, आणि बाबांसमोर ते मांडताही येत नाही.

त्या तीन घरांतल्या एका काकांनी परवा थांबवून विचारलं, "तशी ऑर्डर परत केव्हा येईन वो?" त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.