अरुंद देवनागरी शीर्षक-फॉन्ट: ‘क’ अखेर मोकळा झाला

‘एकांकिका महोत्सव’ ही चाचणीची ओळ ७२ पॉइंटला छापली आणि मागच्या नोंदीत आखलेला, उभ्या रेषा जाड आणि आडव्या केसासारख्या बारीक ठेवलेला ‘क’ मोडीत काढावा लागला. ‘एकांकिका’त सहा दंड, म्हणजे उभ्या रेषा, त्यात प्रत्येक ‘क’चं डावं पोट आणि उजवा आकडा जाड. एका शब्दात बारा काळे गज, आणि त्यांना धरणारी शिरोरेषा जेमतेम १६ युनिटांची (युनिट हे फॉन्टमधलं मोजमाप, पुढचे आकडेही त्यातच). शब्द शब्द म्हणून वाचताच येईना.

बोडोनी, दिदो या रोमन टाइपांच्या घराण्यात वजन उभ्या रेषांत आणि केसरेषा, म्हणजे सगळ्यात बारीक रेघ, आडव्यांत असते. रोमन अक्षरांना ते पेलतं. देवनागरीची जाडी-बारीकी मात्र तिरक्या कापलेल्या बोरूची. गोलाला वजन वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. रुंद अक्षरात उभा ताण, म्हणजे उभ्या रेषांत एकवटलेली जाडी, खपून जातो, अरुंदात नाही. ‘क’ची रुंदी ५६०, दंड ११०. पोटाची कड ९६ धरली की आतली पोकळी १२० उरते, म्हणजे जवळपास दंडाएवढीच. अक्षर नुसतं दाबूनही भागत नाही: ६० टक्क्यांवर आणलं की ११० चा दंड ६६ होतो, शिरोरेषा आहे तेवढीच राहते आणि सगळा तोल जातो.

उपाय लागू पडला तो ताणाचा अक्ष २२ अंश कलवल्यावर. पोट वर डावीकडे ९० पर्यंत भरतं, खाली डावीकडे केसरेषा होतं, दंडाला भिडताना पुन्हा जाड. आकडा दंडातून १६ ने निघतो आणि टोकाला ८४ वर तिरका कापलेला. पोकळी खालून उघडली, आणि तीन ‘क’ शेजारी बसूनही ओळ श्वास घेते. फार देखणा झालाय!

शिरोरेषा ४० केली. ती केसभर ठेवण्याची फॅशन आम्हाला पटत नाही. शब्द तिच्यावरच उभा असतो. दोन्ही बाजूंना ती १० युनिट बाहेर काढा, नुसती टेकवली तर पडद्यावर सांध्यात पांढरी फट दिसते. अर्ध्या अक्षरांत तिची उंची एका युनिटाने चुकली तरी पोस्टरवर पायरी उमटते, म्हणून ती सगळीकडे एकच कंपोनंट, म्हणजे एकदाच काढून सगळ्या अक्षरांत वापरलेला तुकडा.

‘सर्वांत’मध्ये रफार आणि अनुस्वार एकाच कान्यावर भांडायचे. त्यांचा संयुक्त ग्लिफ, म्हणजे एकच जोडआकृती केली, प्रश्न मिटला. ग्लिफ्स या फॉन्ट बनवण्याच्या सॉफ्टवेअरचा प्रिव्ह्यू सोयीचा, पण शेवटची खात्री हार्फबझ या अक्षरजुळणी करणाऱ्या प्रणालीवरच करावी. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हीच मूळ रूपं. हिंदी रूपं भाषेच्या टॅगमागे, म्हणजे मजकुराची भाषा हिंदी ठरवली तरच दिसतील.

छपाईसाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातला १३० जीएसएम आर्ट पेपर चांगला. मॅपलिथो हा बिनलेपाचा कागद शाई पितो, त्यावर केसरेषेचा अंदाज फसतो. काळ्यावर पांढरी अक्षरं २४ पॉइंटला बुजतात. तिथे केसरेषा २२ हवी.

हे मांडतानाच सुचतंय: शिरोरेषा कंपोनंट आहेच, तर तिच्या जाडीचा वेगळा अक्ष, म्हणजे व्हेरिएबल फॉन्टमध्ये ती कमी-जास्त करण्याची सोय, का नको? वरची कड स्थिर ठेवून ती खालीच वाढवली, तर मात्रांचे अँकर, म्हणजे त्या जोडण्याचे बिंदू, हलवावे लागणार नाहीत. म्हणून रुंदीचा अक्ष तूर्त मागे. आधी हा, मग तीन उभ्या रेषांचा ‘ण’.