गाडी लेट आहे

परवा दुपारी सोलापूरला निघायचं होतं. भाच्याने फोन नाचवत सांगितलं, "मावशी, गाडी आत्ता लोणावळ्याला आहे. टेकून पड जरा, तासाभराने निघू." मी चहा घेतला, पण चप्पल घालून. पिशवी दाराशी ठेवली, मग दोनदा कुलूप शोधलं. त्याला हसू येत होतं. गाडी कुठे आहे हे घरबसल्या समजत असताना फलाटावर जाऊन करायचं काय, हा त्याचा प्रश्न बिनतोडच होता. पण मी काही ऐकणाऱ्यातली नाही. तासभर आधी फलाटावर नसले तर प्रवासाला निघाल्यासारखंच वाटत नाही मला. शिवाय एक गोष्ट त्याला सांगितली नाही, सांगितली असती तर त्याने डॉक्टरकडेच नेलं असतं: गाडी अगदी वेळेवर आली की मला चुटपुट लागते.

हे खूळ मोडनिंबचं. माझ्या मामाचं गाव ते, कुर्डुवाडी आणि पंढरपूर यांच्या मधलं. तेव्हा तिथे बार्शी लाइटची छोटी गाडी धावायची. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं, ट्रंक, वळकटी, लोणच्याची बरणी आणि भावंडं मोजून घ्यायची आणि छोट्या गाडीच्या फलाटाकडे पळत सुटायचं. पळायची तशी काही गरज नसायची, कारण ती गाडी निघायच्या बेतात नसायचीच. तरी आई पळायची, म्हणून आम्हीही.

मोडनिंबचं स्टेशन म्हणजे काय, तर मास्तरांची खोली, तिकिटाची खिडकी, एक लाकडी बाक, पाण्याचा रांजण, लिंबाचं झाड आणि टांगलेला रुळाचा तुकडा. पोर्टर त्या तुकड्यावर लोखंडी गजाने टोले द्यायचा. टोले पडले की गाडीने मागचं स्टेशन सोडलं असं समजायचं. त्याआधी मामा तासातासाने खिडकीत डोकावून विचारायचा, "मास्तर, लाइन क्लिअर?" म्हणजे रूळ मोकळा असल्याचा निरोप आला का. मास्तर वहीतून मान वर न काढता म्हणायचे, "येईल." काय येईल, गाडी की लाइन क्लिअर, हे त्यांनी कधी उलगडून सांगितलं नाही.

स्टेशनावर काय काय सोयी आहेत याची रेल्वेची म्हणून एक यादी असते. माझ्या मते मोडनिंबची सगळ्यात मोठी सोय म्हणजे गाडी लेट असणं. बाकीच्या सगळ्या सोयी त्याच वेळात मिळायच्या. मालाच्या काट्यावर शेंगांची पोती चढून उतरली की पोरांची वजनं व्हायची. पोर्टर दांडीवरचं वजन बोटाने सरकवत ओरडायचा, "हिला जेवायला घाला." रांजणातल्या पाण्याला लिंबाचा पाला पडून किंचित कडसर चव यायची. घरच्या माठातलं पाणी त्यानंतर मला कायम अळणी वाटत आलं. गावातल्या चार-सहा म्हाताऱ्यांना तर कुठेच जायचं नसायचं. ते रोज गाडी बघायला यायचे आणि गाडी लेट आहे हे कळल्यावर समाधानाने मांडी घालून बसायचे.

मामीच्या धाकट्या बहिणीचं लग्न त्या बाकावर ठरलं. पाहुणे सांगोल्याकडचे. मुलगी पाहिली, पोहे खाल्ले, देण्याघेण्यावरून फिसकटलं. मुलाचे वडील तट्टकन उठले, चहासुद्धा न घेता. ताडताड स्टेशनावर गेले खरे, पण तिथून पुढे जाणार कुठे? गाडीचा पत्ता नव्हता. उन्हं तापलेली. तासाभराने मामा हळूच कळशी घेऊन गेला. पाणी दिलं, बोलला काही नाही. मग मामीने दुरडी पाठवली. त्यात भाकरी, शेंगाचटणी, फोडलेला कांदा. उपाशी माणसाला मानपान किती वेळ सांभाळता येणार? दुसरी भाकरी मोडताना मुलाचे वडील म्हणाले, "चटणी कुणी कुटली?" पोरीने, असं मामाने सांगितलं. (पोरीने उभ्या जन्मात मुसळ हातात धरलं नव्हतं.) लिंबाखाली पुन्हा बैठक बसली. तोळ्याचं अर्ध्या तोळ्यावर आलं. रुळाच्या तुकड्यावर टोले पडले तेव्हा व्याह्यांनी एकमेकांना मिठी मारली होती. ती गाडी वेळेवर आली असती तर माझ्या मामेभावाला आज मावसभावंडं तीन कमी असती.

हे सगळं ज्याच्यामुळे, तो माणूस एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर. जीआयपी या रेल्वे कंपनीचा मोठा लोहमार्ग बार्शीला बाजूला ठेवून गेला. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला 'बार्शी रोड' असं नाव देऊन कंपनीने बार्शीकरांची बोळवण केली. रोड होताच, एकवीस मैलांचा, आणि त्यावरून कापसाच्या बैलगाड्या कुरकुरत जायच्या. कॅल्थ्रॉपने तिथे अडीच फुटी रूळ टाकायचं मनावर घेतलं. 1897 साली गाडी बार्शीला पोचली, पुढे 1911 मध्ये लातूरला, आणि दुसऱ्या अंगाने पंढरपूर करत 1927 मध्ये मिरजेला. चाकांच्या कुठल्याही जोडीवर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये, हा त्याचा हट्ट. हलके रूळ, हलके डबे, म्हणून 'लाइट'. दिव्याशी तिचा काही संबंध नव्हता. डब्यात दिवे असायचेही यथातथाच.

या गृहस्थाला अरबी घोड्यांचा नाद होता. पुढे त्याने विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट तयार केलं आणि त्याला 'गार्डियन एंजल' असं नाव दिलं. त्याचा एक मित्र विमान कोसळून गेला, त्या धक्क्यातून हे वेड लागलं म्हणतात. हे मी मोठेपणी वाचलं आणि एकटीच हसले. ज्याच्या गाडीतून आमचा मामेभाऊ चढावर उतरून, ओळखीच्या शेतातला हरभरा उपटून, पुन्हा त्याच डब्यात चढायचा, त्याने उडी मारायची सोय शोधावी!

तिकिटं पुठ्ठ्याची. मास्तर ते यंत्रात सारायचे, खट् आवाज यायचा आणि तारीख उमटायची. आम्हा पोरांचं अर्धं तिकीट म्हणजे मोठ्या माणसाच्याच तिकिटाचा कोपरा तिरका कापलेला. तो कापलेला तुकडा मास्तर हिशेबासाठी जपून ठेवायचे. मला फार वाटायचं की तो आपल्याला मिळावा. मी जायची त्या प्रवासापेक्षा मला त्या तुकड्याचंच आकर्षण होतं. एकदा मागितला तर म्हणाले, "सरकारचा आहे." सरकारने 1954 साली कंपनीकडून हा सगळा बारदाना विकत घेतला होता, त्यात माझा कोपराही गेला.

आषाढीला मात्र ही सुशेगात गाडी ओळखू यायची नाही. डब्यांत, टपावर, दोन डब्यांच्या मधल्या सांध्यावर माणसंच माणसं. मालाच्या वाघिणीसुद्धा वारकऱ्यांनी भरायच्या. टपावरून टाळ ऐकू येत, इंजिनाच्या धुराने सगळ्यांचे फेटे राखाडी. त्या दिवसांत मामा मास्तरांना काही विचारायचा नाही. गाडी येईल तेव्हा येईल आणि जागा असणार नाही, हे ठरलेलं.

2000 नंतर रूळ रुंद झाले. आता मोठ्या गाड्या जातात, कोल्हापूर, मिरज, पंढरपूर सगळं एका रुळावर. चांगलंच झालं. कुर्डुवाडीला बरणी सांभाळत पळणं ज्यांनी केलंय त्यांनी तरी तक्रार करू नये. मामेभाऊ मोटारीने फिरतो. स्टेशनाचं विचारलं तर म्हणतो, "तिकडं कोण जातंय ताई?"

पण खरं सांगायचं तर त्या बाकाची एक आठवण या लेखात बसत नाही. 1972 चा दुष्काळ. आम्ही सुट्टीत गेलो होतो ते दिवस. फलाटावर माणसं बसली होती, पण नेहमीचे म्हातारे त्यात नव्हते. बोचकी, पातेली, एका पोरीच्या मांडीवर कोंबडी. कुर्डुवाडीकडे जाणारी गाडी, आणि तिथून पुढे पुणं, मुंबई, जिकडे काम मिळेल तिकडे. गाडी दोन तास लेट होती. मी काट्याकडे पळाले तर पोर्टर म्हणाला, "आज नको, बाळ." त्या दोन तासांत लिंबाखाली कुणी गप्पा मारल्या नाहीत. रांजण कोरडा होता. माझ्या फ्रॉकच्या खिशात परतीचं, कोपरा कापलेलं तिकीट होतं.

मामाच्या खळ्याशेजारचं घरही त्या गाडीने गेलं. जाताना त्यांनी म्हैस मामाच्या दारात बांधली. मामाच्या विहिरीला जेमतेम पाणी होतं, आणि पाऊस झाला की न्यायला येतो म्हणाले होते. पुढच्या वर्षी पाऊस झाला. काही घरं परत आली, हे नाही आलं. मामाने तीन वर्षं त्या म्हशीच्या दुधाचा हिशेब वहीत वेगळा लिहून ठेवला.