तोडी, मुलतानी, पुरिया

पंडित भीमसेन जोशी म्हटले की पुणेकरांना सवाई गंधर्व महोत्सव आठवतो. शाळेच्या स्मरणिकेत मात्र त्याआधीच्या, नाव नसलेल्या भीमसेनबद्दल लिहावेसे वाटते. गायनवर्गातल्या मुलांनी घ्यावे असे पुष्कळ त्या वर्षांत आहे.

अकरा वर्षांचा हा मुलगा १९३३ मध्ये गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. ग्वाल्हेर वगैरे करत जालंधरला पोचला. तिथे पुण्याचे विनायकबुवा पटवर्धन भेटले आणि त्यांनी त्याला परत त्याच्याच मुलखात, धारवाडजवळच्या कुंदगोळला रामभाऊंकडे जायला सांगितले. रामभाऊ म्हणजे सवाई गंधर्व. तिथे आधी बराच काळ पाणी भरणे आणि घरकाम. मग तालीम सुरू झाली ती मुख्यतः तीन रागांची: सकाळी तोडी, दुपारी मुलतानी, संध्याकाळी पुरिया.

ही निवड किती विचारपूर्वक होती, ते हे राग गळ्यावर चढवायला बसले की कळते. तोडी आणि मुलतानीचे सूर तेच: रिषभ, गंधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र, निषाद शुद्ध. वेगळे आहे ते चलन, म्हणजे सुरांची चाल. मुलतानीच्या आरोहात, म्हणजे चढताना, रिषभ-धैवत नाहीत. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषादावरून षड्ज आणि तिथून थेट गंधार, तोही मध्यमाचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, घेऊन, झुलता. उतरताना रिषभाला नुसता स्पर्श. त्यावर जरा रेंगाळलात की तोडी डोकावलीच.

तोडीचा गंधार अतिकोमल. बहुतेकांचा तो चढा लागतो आणि त्याचे कारण तंबोऱ्यात आहे. खर्जाची (खालच्या षड्जाची) तार नीट जुळली की तिच्यातून शुद्ध गंधार आपोआप उमटतो, तो स्वयंभू गंधार, आणि कान तिकडे ओढला जातो. म्हणून आधी कोमल रिषभ ठरवावा, गंधाराला हात लावून परत रिषभावर यावे, पुन्हा पुन्हा. पुरियात हाच स्वयंभू गंधार मदतीला येतो, कारण तिथे गंधार शुद्ध आणि वादी, म्हणजे रागाचा मुख्य सूर. पुरियात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून निषादावर घ्यावी लागते. तार बदलली की जवारीचा, म्हणजे तारेला गुंजन देणारा, दोरा घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात तिच्यावर) केसभर मागेपुढे सरकवून पुन्हा बसवायचा. तसाच ठेवला तर तार बद्द बोलते. मारवा आणि सोहनीचेही सूर पुरियाचेच. रिषभ-धैवतावर ठाण मांडले की मारवा, तार सप्तकात रमलात की सोहनी. पुरियाचा जीव मंद्रात, गंधार-निषादात.

या तालमीनंतर १९४१ मध्ये पहिली मैफल, १९४२ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका आणि १९४३ मध्ये मुंबईला रेडिओवर नोकरी. जानेवारी १९४६ मध्ये गुरूंच्या षष्ट्यब्दीनिमित्त पुण्यात ते गायले, तेव्हा जाणकारांत नाव झाले.

शाळेला एक मनापासूनची विनंती. भूप, यमन झालेल्या मुलांना परीक्षेसाठी दहा-बारा राग उरकायला लावण्यापेक्षा एक वर्ष हे तीनच द्यावेत. आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा असू द्या, पण आठवड्यातून एक तास मिरजेचा लाकडी तंबोरा मुलांनी स्वतः जुळवावा, दोऱ्यासकट.