मुठीतली जाळी

जुने फोटो दुरुस्त करायला येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच सांगतं, "डाग तेवढे काढा." परवा लेकीबरोबर आलेल्या आजींचंही तेच म्हणणं.

लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं कॅबिनेट कार्ड होतं. जाड पुठ्ठा, १०८ बाय १६५ मिलिमीटर. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला तो फोटोचा कागद इतका पातळ, की सुटा ठेवला तर त्याची सुरळी होते. म्हणून तो पुठ्ठ्यावरच डकवत. फोटोत जरीची टोपी घातलेलं चारेक वर्षांचं पोर, उजवा हात चाकांच्या लाकडी घोड्यावर.

"आमचे आजोबा. हा घोडा त्यांचा फार लाडका, कुणाला हात लावू देत नसत म्हणे."

मी गप्प झालो. घोड्याचा एक कान अर्धा तुटलेला. हाच कान, मागचा हाच रंगवलेला पडदा मी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच घरच्या फोटोत पाहिला होता. कार्डाखालचं सोनेरी नावही तेच. घोडा स्टुडिओचा होता. तेव्हा काचेच्या छपरातून येणाऱ्या उजेडावर काम चाले. लेन्सची टोपी काढून परत लावेपर्यंत हलायचं नाही. १८५१ नंतरच्या ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे चिकट रसायनाचा ओला लेप दिलेल्या, काचांवर फोटो उमटायला तर कित्येक सेकंद लागत. हाताला काही धरायला दिलं की पोर जरा थांबतं.

सांगावं की नाही ते ठरेना. आधी स्कॅन केला. आजींनी दाखवलेला डाग डाव्या मुठीखाली होता, करडी रेघ, टोकाशी फिसकटलेली. मोठी करून पाहिली. बोटांच्या फटीतून लाकडाची गोलाई दिसत होती, तिच्याखाली लोखंडी आर. भोवरा! आणि रेघ म्हणजे लोंबणारी जाळी, भोवऱ्याला गुंडाळायची दोरी. ती हलत होती म्हणून टोक पुसट आलं. फोटोग्राफरने ठेवायला सांगूनही पोराने तो सोडला नसणार.

मग दोन्ही गोष्टी सांगितल्या. आजी स्क्रीनला नाक टेकेल इतक्या वाकल्या.

"अगं, सत्तरीतसुद्धा हातजाळी घ्यायचे ते, भोवरा वरच्या वर तळहातावर! अंगणात आम्हा सगळ्यांना उभं करून."

घोड्याबद्दल त्यांनी पुन्हा विचारलंच नाही.

बुरशीचे ठिपके काढले, चिरा बुजवल्या, रेघ तशीच ठेवली. आजींनी एक प्रत जादा सांगितली आहे, नुसत्या मुठीची.