पणजोबांची ठासणीची बंदूक नेमकी कुणी घडवलेली?

आज दुपारी काकांनी पणजोबांची ठासणीची (तोंडातून दारू-गोळी भरायची) रायफल कपाटातून काढली (परवाना काकांच्या नावावर आहे). विजापूर वेशीकडचे बंदुका दुरुस्त करणारे एक जुने मिस्त्री मुद्दाम घरी आले होते. त्यांनी आधी गज नळीत सोडला, तोंडाशी खूण केली आणि तोच गज नळीला बाहेरून लावून पाहिला. निपलपर्यंत (नळीच्या मागच्या टोकाला टोपी बसते तिथपर्यंत) पोचला, म्हणजे आत दारू-गोळी नाही. वर्षानुवर्षं ठासून राहिलेली बंदूकही उडू शकते, म्हणून हे आधी.

घोड्याच्या बाजूच्या पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर’ अशी अक्षरं आहेत. घरात सगळे तेच कंपनीचं नाव समजायचे. पण तो शिक्का लंडनच्या टॉवरचा. इंग्रजी लष्करी बंदुकांवर सर्रास दिसतो, कारागीर त्यातून कळत नाही. मग मिस्त्रींनी अलगद नळी दस्त्यापासून सोडवली. खाली मुकुट, एकमेकांवर आडवे राजदंड, म्हणजे बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे (नळी बार सोसते का ते तपासणाऱ्या जागेचे) शिक्के. ते चाचणीघर १८१३ सालचं. शेजारी २५ चा आकडा. एका पौंड शिशातून या नळीच्या मापाच्या २५ गोळ्या होतात, म्हणजे व्यास साधारण ०.५७ इंच, इंग्रजी लष्कराच्या १८५३ च्या एनफिल्ड रायफलीएवढाच! मला तर अंगावर काटा आला.

नळीखाली दोन पुसट अक्षरंही आहेत. ती बहुधा नळी घडवणाऱ्याची. काका म्हणाले, “ब्रासो लावून चमकवू का रे?” मी हात जोडले. घासलं की खूण गेली. उद्या तिरप्या उजेडात फोटो काढून बर्मिंगहॅमच्या जुन्या कारागिरांच्या याद्यांशी ताडून बघणार आहे.