गळाला बांधायचे शिसे

गळाच्या दोरीला वजन म्हणून काय वाटेल ते बांधता येते, हे नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावर एखादा रविवार काढला तरी ध्यानात येते. कोणी लांबट दगडाला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळतो, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारी मुले हमखास मोठा नट ओवून आणतात, कारण तो हाताशी असतो आणि त्याला भोक आधीच पाडलेले असते. काठावर हे सगळे चालून जाते. पाण्यात गेल्यावर मात्र एकेकाचे पितळ उघडे पडते. आपल्याकडचा काळा दगड पाण्यात आपले सुमारे एक तृतीयांश वजन गमावतो, लोखंड तेरा टक्के गमावते, शिसे जेमतेम नऊ टक्के. शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम आणि लोखंडाची ७.८७ ग्रॅम असल्यामुळे तेवढ्याच वजनाचा शिशाचा गोळा नटाहून बराच लहान असतो. तो वाऱ्याला अडत नाही, लांब जातो आणि तळ सोडत नाही.

तयार वजने मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळतात, आणि ज्याला केवळ मासा हवा आहे त्याने खुशाल ती घ्यावीत. स्वतः ओतण्याचा नाद लागलेल्या माणसाला मात्र शिशाचा शोध हाच अर्धा छंद होऊन बसतो. टायरच्या दुकानावरून जाताना त्याची नजर कोपऱ्यातल्या तेलकट डब्याकडे वळते, कारण चाकांचे बॅलन्सिंग करताना काढलेली जुनी वजने तिथे साठत असतात. पूर्वी हा डबा म्हणजे शिशाची खाणच असे. आता त्यात लोखंड आणि जस्त यांचीच गर्दी वाढली आहे. "काका, आधीच सांगतो, यात निम्मं लोखंडच निघेल," असे नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानदाराने मला डबा देण्याआधीच बजावले होते, आणि त्याचा अंदाज फारसा चुकला नाही.

निवडानिवड हे कंटाळवाणे काम आहे असे पुष्कळांना वाटते. मला ते ओतण्याहून आवडते. लोखंड लोहचुंबकाने वेगळे होते. जस्त फसवे असते, पण पकडीच्या धारेखाली धरले की कळते: शिशात धार सहज रुतते आणि आतला चकचकीत काप दिसतो, जस्तावर नुसता ओरखडा उठतो. फरशीवर टाकले तर शिसे बद्द वाजते आणि जस्त खणकन. ही काळजी घ्यावी लागते, कारण शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि जस्त ४१९ अंशांना. आच बेताची ठेवली तर चुकून राहिलेले जस्त वर तरंगते आणि काढून टाकता येते, पण एकदा ते रसात विरघळले की सारा रस दाटसर, गुठळ्यांचा होतो आणि साच्याच्या कोपऱ्यांत शिरत नाही. शिशातही पुन्हा जाती आहेत. चाकाला चिकटवायच्या पट्ट्या जवळजवळ शुद्ध, नखाने ओरखडता येतील इतक्या मऊ असतात; चापाने बसवायच्या वजनांत थोडा अँटिमनी असल्याने ती कडक असतात. जुन्या टेलिफोन केबलचे शिशाचे वेष्टण भंगारात मिळाले तर तेही मऊच. तंगुसावर दाबून बसवायच्या चिरलेल्या गोळ्यांना मऊ शिसे लागते. ज्या गळाच्या मानेवरच शिशाचे डोके ओतलेले असते, त्या जिगला कडक शिसे बरे, कारण ते खडकावर आपटून चेपत नाही.

सर्वांत देखणे शिसे मात्र मी कधी वितळवले नाही. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून लग्नपत्रिका आणि हस्तपत्रके छापणारे लहान छापखाने ऑफसेट छपाईपुढे टिकले नाहीत आणि त्यांचे खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा हा मिश्रधातू ओतण्यासाठी उत्तम, कारण तो कमी उष्णतेला वितळतो आणि अक्षराची कडाही जशीच्या तशी उतरवतो. भंगाराच्या ढिगातून मूठभर खिळे मी उचलले तेव्हा त्यांत एक उलटा 'क्ष' निघाला, तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नसेल, त्याच्या गाठीत वाळलेली शाई तशीच अडकलेली. देवनागरीच्या जोडाक्षरांसाठी जुळाऱ्याला खिळ्यांच्या पेटीतली किती घरे सांभाळावी लागत असतील, याचा विचार मनात आल्यावर त्याचे मरळीसाठी जिग करणे काही जमले नाही.

वाहनांच्या जुन्या बॅटरीला मात्र कोणीही हात लावू नये. तिच्यात शिसे भरपूर असते हे खरे, पण त्याबरोबर गंधकाम्ल असते, पट्ट्यांत अँटिमनी आणि आर्सेनिकही असू शकतात, आणि त्यांतून निघणारे वायू जीवघेणे असतात. तिची जागा अधिकृत पुनर्चक्रण केंद्रात आहे, आपल्या अंगणात नाही.

वितळवण्यासाठी जाड लोखंडी भांडे आणि पळी वेगळी ठेवावी, ती पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, बूट, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालून करावे. लहान मुले आणि गरोदर बाई जवळपास नसावीत, आणि नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये. सगळ्यात मोठा शत्रू पाणी. रसात ओला तुकडा पडला तर पाण्याची वाफ होताना ते दीड हजार पटींहून अधिक फुगते आणि शिसे चौफेर उडते. म्हणून सगळे भंगार थंड भांड्यातच भरून मग आच लावावी, आणि पावसाळ्यात तर हा उद्योगच करू नये. वितळल्यावर चापांचे लोखंड आणि काळी मळी वर येते. मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळले की धुराचा लोट उठतो, कधी पेटही घेतो, पण मळीत अडकलेले शिसे सुटून खाली बसते आणि पृष्ठभाग आरशासारखा निघतो. त्यावर सोनेरी-जांभळी झाक धरू लागली, तर आच जास्त झाली असे समजावे. हा रस लोखंडी साच्यात ओतून विटा पाडतो आणि प्रत्येकीवर छिन्नीने 'म' किंवा 'क' अशी खूण करतो, म्हणजे मऊ कोणती आणि कडक कोणती हे पुढच्या हिवाळ्यातही कळते.

वजने ओतायचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा पुरता वाळलेला हवा आणि त्याला आतून मेणबत्तीच्या ज्योतीची काजळी धरावी, म्हणजे ओतलेले वजन सुटे निघते. पहिले काही नग सुरकुतलेले येतात, कारण साचा थंड असतो. ते परत भांड्यात टाकावेत.

लहान गोळ्यांचा प्रश्न निराळा आहे. दाणे भरडण्यासाठी खडे गिळणारी बदके तळातले शिशाचे बारीक मणीही गिळतात आणि विषबाधेने मरतात. हंस मरू लागल्यामुळे ब्रिटनने १९८७ मध्ये २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी घातली. आपल्या गोदावरीच्याच पाण्यावर नांदूर मध्यमेश्वर आहे, रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झालेले महाराष्ट्रातील पहिले ठिकाण, आणि तिथे हिवाळ्यात उतरणारी बदके काही अभयारण्याची हद्द पाहून चरत नाहीत. म्हणून शिशाच्या विटा मी मोठ्या वजनांपुरत्या ठेवतो आणि बारीक गोळ्यांसाठी कल्हईचे कथील आणतो. ते २३२ अंशांनाच वितळते, शिशाहून हलके आणि पुष्कळ महाग असते, पण मूठभर गोळ्यांना ते लागते तरी किती. शिशाहून ताठ असल्याने ते बसवायला पकड घ्यावीच लागते, आणि त्या निमित्ताने गोळी दातांनी दाबायची काठावरची जुनी खोडही सुटते.